माडीवरची बंद खोली

२०२५च्या फेब्रुवारीत अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्ज देण्याची घोषणा झाली आणि जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. वसईत चर्चा झाली ती दुसऱ्या बातमीची. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये एवढी माणसं गमावून घेतलेला वसईचा किल्ला त्या बारांत नाही, याची चुटपुट इथल्या अनेकांना लागली. मलाही लागली. तरीही वसईचं भलं व्हायचं असेल तर ते पहिल्या बातमीतून होईल, असं माझं मत आहे. किल्ल्याची काळजी घ्यायला पुरातत्त्व खातं आहे. तटाबाहेर, गिरिज, भुईगाव, वाघोली, निर्मळ, नंदाखाल, आगाशीच्या वाड्यांमध्ये उभ्या असलेल्या जुन्या कौलारू घरांना त्यांत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशिवाय कोणीही वाली नाही.

मागच्या डिसेंबरात अशाच एका घरात दोन रात्री राहिलो. ओळखीतून मिळालेली जागा, बाहेर पाटी नाही. पुढे ओटी, तिच्यावर पुढे झुकलेलं छप्पर आणि छपराच्या कडेला लाकडी नक्षीची झालर. आत सागवानी खांब, हात लावला तर गुळगुळीत. माडीवर जायचा जिना इतका उभा की उतरताना पाठमोरं उतरावं लागतं. माझी खोली वर होती. छपरात एकच काचेचं कौल बसवलेलं. पहाटे चर्चची घंटा झाली तेव्हा खोलीत काळोख होता. थोड्या वेळाने त्या कौलातून उजेडाचा एक चौकोन जमिनीवर उतरला आणि तासाभरात सरकत सरकत खाटेच्या पायापाशी आला.

खाली चूल पेटलेली होती. घरच्या आजी लाल लुगड्यात, इथल्या कुपारी ख्रिस्ती बायका नेसतात तसं नेसलेल्या. तांदळाची भाकरी, रात्रीचं माशाचं कालवण आणि नंतर चहाबरोबर सुकेळी. राजेळी केळी सोलून, उन्हात दिवसचे दिवस वाळवून केलेली, मधासारख्या रंगाची. बाजारात मिळते तिच्यापेक्षा मऊ. खाताना मी विचारलं, पाहुणे ठेवावेसे का वाटले? त्या म्हणाल्या, "पोरं गेली नालासोपाऱ्याला फ्लॅटमधी. वरच्या खोल्या बंद केल्या तर दोन वर्षांत वाळवीने वासा खाल्ला. माणूस झोपतं तिथे वाळवी लवकर कळते."

पर्यटनाची एवढी धोरणं वाचली, पण वारसा-निवासाची गरज इतक्या थोडक्यात कोणी सांगितली नव्हती. लाकूड, माती आणि कौलाचं घर रोजच्या वापरावर टिकतं. दार उघडलं की वारा फिरतो, चुलीचा धूर वर जाऊन लाकडात मुरतो, कौल सरकलं तर पहिल्याच पावसात खाली झोपलेल्याच्या अंगावर थेंब पडतो आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी वर चढतं. कुलूप लागलं की हे सगळं थांबतं. पुढचं काम वाळवी करते आणि उरलेलं बिल्डर.

वसईने पाहुणे ठेवायचे म्हणजे काही नवीन खूळ नाही. १६९५ मध्ये जेमेल्ली कारेरी नावाचा नेपल्सचा एक वकील इथे आला होता. पदरचे पैसे खर्चून, मिळेल त्या भाड्याच्या वाहनाने तो जगभर फिरला आणि १६९९-१७०० मध्ये त्याने आपलं प्रवासवर्णन छापलं. त्याच्या वसईच्या पानांवर माझं विशेष प्रेम आहे. तटाच्या आतलं शहर त्याला उदास वाटलं, साथीच्या रोगाने एक भाग ओस पडला होता. शहराबाहेर पडल्यावर मात्र त्याची लेखणी खुलते. पंधरा मैलांपर्यंत बागाच बागा, माड, आंबे, ऊस, बारा महिने हिरवं, कारण यंत्रांनी पाणी चढवलं जातं. ही यंत्रं म्हणजे आपले रहाटच असणार. सावली आणि गारवा एवढा, की शहरातल्या प्रत्येक बड्या माणसाने तिथे आपलं एक विश्रांतीचं घर बांधलेलं. कडक उन्हाळ्यात हवा खायला आणि साथीपासून लांब राहायला लोक तिथे जात. त्या भागाचं नाव तो कसबे असं काहीसं लिहितो.

म्हणजे सुमारे ३३० वर्षांपूर्वीसुद्धा वसईचा हा पट्टा शहराला कंटाळलेल्या माणसाला गारवा देत होता. पाणी कुठून येत होतं तेही या वाड्यांत अजून बघायला मिळतं. प्रत्येक वाडीत एक बावखल असायचं, पावसाचं पाणी साठवणारं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्यावर पानवेली, केळी, मोगरा, भाजी. तीच भाजी आणि फुलं टोपल्यांतून पहाटेच्या लोकलने मुंबईला जायची. मी राहिलो त्या आजींच्या घरामागेही बावखल होतं. पाण्यावर शेवाळ, काठावर एक खंड्या. शेजारच्या वाडीतलं मात्र बुजवलेलं, वर पेव्हर ब्लॉक. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं तेव्हा बुजवलेल्या बावखलांची आठवण अनेकांना झाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईसाठी जो लढा उभारला, त्याच्या मुळाशी हेच पाणी आणि हीच झाडं होती. जुलै २०२४ मध्ये फादर गेले. त्यांचं काम पुढे न्यायचा एक मार्ग या घरांतून जातो, असं मला वाटतं.

आता पैशांचा हिशेब, कारण भावनेवर छप्पर टिकत नाही.

मुद्रा योजना २०१५ पासून आहे. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तारण लागत नाही. वसईत याचं महत्त्व वेगळंच आहे. इथल्या जुन्या घराच्या सातबाऱ्यावर आठ-नऊ नावं असतात, त्यांतली दोन आखातात, एक कॅनडात आणि एक वारलेलं. असं घर गहाण ठेवता येत नाही, त्यामुळे बँक आजवर दारातूनच परत जात होती.

समजा, कुणी ५ लाख घेतले. माडीवरच्या दोन खोल्या नीट केल्या, वासे बदलले, जिन्याला कठडा बसवला, एक स्वच्छतागृह बांधलं. व्याज ११ टक्के धरलं आणि पाच वर्षांत फेड, तर महिन्याचा हप्ता साधारण १०,९०० रुपये, वर्षाला १ लाख ३० हजार. पावसाळ्याचे चार महिने सोडून ३५ आठवडे, आठवड्याच्या दोन रात्री, म्हणजे एका खोलीला ७० रात्री. रात्रीचे २,५०० धरले तर पावणेदोन लाख येतात. त्यातले निम्मे खाणं, धुणं, वीज आणि मदतीच्या बाईवर गेले तर उरतात ८७ हजार. हप्तासुद्धा निघत नाही! दोन्ही खोल्या चालल्या तर उरतात पावणेदोन लाख. हप्ता भरून ४५ हजार हातात राहतात आणि त्यात दरवर्षीची शाकारणी होते. आकडे माझे आहेत, कोणी थोडे वरखाली करेल. पण गणित इतकं काठावरचं आहे की एक मोसम वाया गेला तर घरमालक अडचणीत येतो. म्हणून नुसतं कर्ज देऊन भागणार नाही. हिशेब मांडून दाखवणारं, पहिली दोन वर्षं हात धरणारं कोणीतरी लागेल.

दुसरी अडचण कागदांची. राज्याची 'निवास व न्याहारी' योजना आहे, केंद्राचीही तशीच आहे. केंद्राच्या नियमात जास्तीत जास्त सहा खोल्या, बारा खाटा आणि मालकाने त्याच घरात राहायचं, ही अट आहे. ही अट फार शहाणपणाची आहे आणि ती कधीही ढिली करू नये. पण नोंदणीला मालकीचे कागद लागतात आणि गाडी पुन्हा त्या आठ-नऊ नावांपाशी अडते. जिथे कुटुंबातलं एकच माणूस घर सांभाळतं, तिथे बाकीच्या हिस्सेदारांच्या साध्या संमतीपत्रावर नोंदणी व्हावी. हिस्सा कोणाचा कमी होत नाही, घर मात्र उभं राहतं.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी दिवेआगर आठवावं. १९९७ मध्ये तिथे सुवर्णगणेश सापडला, दर्शनाला रीघ लागली आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांतल्या कुटुंबांनी ओटीवर पाट्या लावल्या : घरगुती जेवणाची व राहण्याची सोय. पाटीवरचा 'घरगुती' हा शब्दच सगळं सांगतो. आपल्याच जिल्ह्यात डहाणू, घोलवड, बोर्डीकडे पारशी-इराणी कुटुंबांनी चिकूच्या वाड्यांत पाहुणे ठेवले. गोव्यात लोटलीच्या फिगेरेदो घराचा काही भाग संग्रहालय झाला, काही पाहुण्यांसाठी उघडला. पणजीच्या फॉन्तेन्हासमध्ये जुन्या घरांची अतिथिगृहं झाली आणि ती गल्ली वाचली.

ज्यांनी वसईचा किल्ला बांधला त्या पोर्तुगीजांनी स्वतःच्या देशात काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. १९४२ मध्ये एल्वश इथे त्यांनी सरकारी विश्रांतिगृह सुरू केलं. अशा विश्रांतिगृहांना तिथे पौझादा म्हणतात. पुढे ओबिदुशचा किल्ला, एव्होराचा मठ, एकेक जुनी वास्तू त्यात आली. मला त्याहून आवडतं ते १९८०च्या दशकात पोन्ते द लिमा भागात रुजलेलं काम. तिथे जुन्या घराण्यांच्या कुटुंबांनी आपल्याच वाड्यांत पाहुणे ठेवले. घर विकावं लागू नये, हा त्यामागचा उघड हेतू होता. वसईने घ्यायचा तर हा धडा घ्यावा. आपल्या किल्ल्यात हॉटेल नको. तिथली चर्चची भग्न कमान आणि वडाच्या मुळांनी धरलेला तट जसा आहे तसाच राहू दे.

आणि रिसॉर्ट तर नकोच नको. राजोडी, कळंब, अर्नाळ्याकडे शनिवार-रविवारी जे चालतं ते वसईकरांना माहीत आहे. पाण्याच्या टाक्या, घसरगुंड्या, कानठळ्या बसवणारे स्पीकर, संध्याकाळी रस्त्यावर बाटल्या. तिथे आलेल्या माणसाने वसई पाहिली असं म्हणता येत नाही, त्याने एक हौद पाहिला. शिवाय हौद भरायला लागणारं पाणी जमिनीतूनच येतं. रिसॉर्ट वाडी संपवून उभं राहतं, पाहुण्याची खोली वाडी राखून चालते. धोरणकर्त्यांनी या दोघांना 'पर्यटन उद्योग' अशा एकाच खान्यात टाकू नये, एवढंच माझं कळकळीचं मागणं आहे.

धोका घरांच्या बाबतीतही आहे. एखादी कंपनी येते, म्हाताऱ्या जोडप्याला एकरकमी पैसे देते, घर भाड्याने घेते, ओटीवर काच लावते, खांबांना चकचकीत पॉलिश मारते आणि एक केअरटेकर ठेवते. फोटो सुंदर येतात. पण घरची भाषा गेली, चूल गेली, मागच्या बावखलाला विचारणारं कोणी उरलं नाही. पाहुणा येतो तो त्या घरातल्या माणसांसाठी. कादोडी बोली कानावर पडते, नाताळात फुग्या तळताना बघायला मिळतात, वाडवळ शेजाऱ्यांकडून थंडीत उकडहंडीची वाटी येते. हे विकत घेऊन सजवता येत नाही. म्हणून मालकाने घरात राहण्याची अट मला शहाणपणाची वाटते.

वाचकांपैकी कोणाचं वसईत जुनं घर असेल, तर एक सांगणं. आधी मोठं काही करू नका. एकच खोली उघडा. छपरावर सिमेंटचा पत्रा टाकू नका, कौलंच ठेवा. जुन्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारू नका, आतली ओल आत कोंडते आणि भिंत फुगते. स्वच्छतागृह चांगलं करा, तिथे काटकसर नको. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची सरकारी नोंद करायची असते, ती विसरू नका. आणि पाहुण्याला पहिल्याच दिवशी बावखल दाखवा.

जे पाहुणे म्हणून जाणार असतील त्यांनाही सांगतो. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर, वसई त्याच्या अलीकडे. भाईंदरहून खाडी ओलांडून रो-रो बोटही आता मिळते. आल्यावर हॉटेलसारखी घंटा वाजवू नका, ओटीवर बसा. जेवण काय आहे ते विचारा, यादी मागू नका. घासाघीस करू नका, त्या पैशांतून पुढच्या मे महिन्यात कौलं चाळली जाणार आहेत.

निघायच्या दिवशी मी पैसे दिले तेव्हा आजींनी ते मोजले नाहीत, देवाच्या फोटोमागे ठेवले. मग मला समोरच्या दुसऱ्या खोलीपाशी नेलं. दाराला जुनं लोखंडी कुलूप. किल्ली दोनदा फिरवावी लागली. आत एक मोडकी खाट, कोपऱ्यात कौलांची रास आणि वाश्यावर मातीची बारीक बोटभर रेघ, वर चढत गेलेली. त्यांनी ती रेघ नखाने खरवडली. पोकळ होती. "ही यंदा उघडीन म्हणते," त्या म्हणाल्या आणि दार तसंच उघडं ठेवून खाली गेल्या.