घशांतील चार कारभारी

फळ्यावरील खडू, भिंतीचा चुना आणि आपलीं हाडें या तिहींत एक समान द्रव्य आहे. त्यास कॅल्शियम म्हणतात. प्रौढ मनुष्याच्या देहांत तें सुमारें १ किलो असतें. त्यांपैकीं शेंकडा ९९ भाग हाडांत व दांतांत सांठविलेला असतो. उरलेला अंश अल्प खरा, परंतु त्याच्यावांचून स्नायु नीट आकुंचन पावत नाहींत, हृदयाचे ठोके नियमित पडत नाहींत व जखमेंतील रक्त गोठत नाहीं. म्हणून रक्तांत त्याचें प्रमाण दर १०० मिलिलिटरांस ९ ते १०.५ मिलिग्रॅम असें जवळजवळ कायम राखावें लागतें.

हें काम घशांतील थायरॉइड ग्रंथीच्या पाठीमागें असलेल्या, मसुरीच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार ग्रंथि करितात. त्यांस पॅराथायरॉइड म्हणतात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतील एक हिंदी गेंडा १८४९ सालीं मेला. त्याचें विच्छेदन करितांना रिचर्ड ओवेन यांस असली ग्रंथि प्रथम आढळली. मनुष्यदेहांतील या ग्रंथींचें सविस्तर वर्णन स्वीडनमधील उप्साला येथील आयव्हार सँडस्ट्रॉम यांनीं १८८० सालीं प्रसिद्ध केलें. त्यांचें कार्य मात्र पुढें कळलें. थायरॉइडवरील शस्त्रक्रियेंत याहि ग्रंथि काढल्या गेल्या म्हणजे रोग्याच्या हातापायांस भयंकर पेटके येत. अशा स्थितींतील प्राण्यांस कॅल्शियम दिलें असतां पेटके थांबतात, हें मॅकॅलम व व्होग्टलिन यांनीं १९०९ सालीं दाखविलें.

आतां यांचा कारभार पाहूं. रक्तांतील कॅल्शियम किंचित् उणें झालें कीं या ग्रंथि आपला रस रक्तांत सोडतात. तो तीन कामें करवितो. हाडांच्या कोठारांतून कॅल्शियम बाहेर काढवितो. मूत्रावाटें जाणारें कॅल्शियम मूत्रपिंडांकडून परत घेववितो. आणि मूत्रपिंडांतच ‘ड’ जीवनसत्त्वास कार्यक्षम रूप देववितो, जेणेंकरून आंतडीं अन्नांतील कॅल्शियम अधिक शोषून घेतात. प्रमाण पूर्ववत् झालें कीं रस आपोआप कमी होतो. एखादी ग्रंथि बिघडून अतोनात रस सोडूं लागली, तर हाडें ठिसूळ होतात, मूत्रपिंडांत खडे होतात, व बहुधा ती ग्रंथि कापून काढावी लागते.

येथें एक गोष्ट पालकांनीं विशेष ध्यानांत धरावी. हे कारभारी रक्ताशीं एकनिष्ठ आहेत, हाडांशीं नव्हेत. अन्नांतून पुरेसें कॅल्शियम न मिळाल्यास ते रोजचा खर्च ठेवींतून भागवितात. म्हणून रक्ताच्या तपासणींत सर्व ठीक दिसत असतांहि हाडें आंतून झिजत असूं शकतात. मुलगा हिंडतो, खेळतो; कोठार रितें होत आहे हें कोणास दिसत नाहीं. बाल्य व तारुण्य हाच ठेव वाढविण्याचा काळ होय. उतारवयांत ती वाढत नाहीं, घटतच जाते.

ही ठेव महाग आहे असेंहि नाहीं. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. दूध, ताक, तीळ यांतहि तें आहे. आणि अंगावर ऊन पडल्यानें ‘ड’ जीवनसत्त्व त्वचेंत तयार होतें. ज्या भाकरीस आपण गरिबाचें अन्न म्हणून बाजूस सारतों, तीच या चार कारभाऱ्यांस हाडांवर हात टाकण्यापासून परावृत्त करते.