घाटवाटेवर टायर बसला तर

चिपळूण-कराड रस्त्यावर अलोरे, पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाटाची चढण लागते. इथे टायर बसला, तर वळणावर मुळीच थांबू नका. रिम खराब झाली तरी चालेल, पण सपाट, लांबून दिसेल अशा जागेपर्यंत गाडी हळूहळू न्या. चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून दूर उभे करा. बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. जांभ्याच्या या मुलखात दगडांना तोटा नाही.

बहुतेकांची चूक पुढे होते. चाक जमिनीवर असतानाच नट घड्याळाच्या उलट दिशेने थोडे सैल करायचे. उचललेल्या गाडीवर जोर लावला तर ती जॅकवरून घसरते. पावसाळ्यात कडेची माती भुसभुशीत असते, म्हणून जॅकखाली जाड फळी हवीच. जॅक गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा. गाडीखाली हात-पाय घालू नका. स्टेपनी मात्र आडवी सरकवून ठेवा, जॅक निसटला तर गाडी तिच्यावर टेकेल.

नवे चाक बसवून नट हाताने, मग गाडी खाली घेऊन पान्याने समोरासमोरच्या क्रमाने आवळा. स्टेपनी आकाराने लहान असेल, तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा. ती बहुधा ताशी 80 किलोमीटर असते.

2020 च्या नियमबदलानंतर काही गाड्यांत स्टेपनीऐवजी दुरुस्तीचा संच मिळतो. घाट चढण्याआधी डिकी उघडून बघा.