विश्वसनीयता-परीक्षणाची संगणकीय पूर्वरचना

बोलीत 'विश्वसनीय' हे विशेषण बहुधा माणसाला लागते. यंत्रशास्त्रात त्यास काटेकोर अर्थ आहे. ठरलेल्या परिस्थितीत ठरलेले तास एखादा भाग निर्वेध चालण्याची संभाव्यता म्हणजे त्याची विश्वसनीयता होय. ती मोजावयाची तर नग चाचणीयंत्रावर चढवून ते निकामी होण्याची वाट पाहावी लागते. चांगला भाग लवकर बिघडत नाही, म्हणून त्याविषयीची माहितीही लवकर हाती येत नाही.

अशा आयुर्मानाच्या वर्णनासाठी स्वीडिश अभियंते वालोडी वायबुल यांनी १९५१ साली विवेचिलेले सूत्र आजही वापरले जाते. त्यात दोन राशी असतात: सुमारे ६३ टक्के नग निकामी होण्यास लागणारा काळ, आणि एक घातांक. घातांक १ असल्यास बिघाड निव्वळ आकस्मिक समजावा. तो जितका मोठा, तितका झिजेचा वाटा अधिक.

समजा, १० नग ५०० तास चालवून परीक्षण थांबवावयाचे आहे. उपर्युक्त काळ १,००० तास व घातांक दीड आहे. संगणक यदृच्छ संख्यांच्या आधारे प्रत्येक नगास काल्पनिक आयुष्य देतो आणि तोच प्रयोग हजारो वेळा करून पाहतो. तेव्हा शंभरांतील सुमारे १५ प्रयोगांत फार तर एकच नग निकामी झालेला आढळतो. एका बिघाडावरून घातांक ठरविता येत नाही. खर्च मात्र पूर्ण होतो. घातांक ३ धरल्यास असे निष्फळ प्रयोग शंभरांत ६७ च्या घरात जातात, आणि नग २० केले तरी ३० उरतात. उलट १० च नग १,००० तास चालविले, तर दोन्ही घातांकांसाठी हे प्रमाण हजारांत एकाहूनही कमी होते. दोन्ही पर्यायांत नग-तास तेवढेच. फरक पडतो तो मुदतीने.

एवढे गणित कागदावरही सुटते, हे मान्य केले पाहिजे. परंतु अनुमानित आयुर्मान किती इकडेतिकडे होईल, काही नग मध्येच काढून घेतल्यास काय होईल, हे प्रश्न कागदाला सहसा पेलत नाहीत. १९४६ साली स्टानिस्लाव उलाम यांना पत्त्यांच्या एकट्याने खेळावयाच्या डावावरून हीच युक्ती सुचली होती: संभाव्यता मोजत बसण्यापेक्षा डाव पुष्कळदा मांडून पाहावा.

गृहीत राशी चुकीच्या असल्यास आराखडाही चुकतो. म्हणून घातांकाची एकच किंमत धरून थांबणे धोक्याचे आहे. ५०० तासांनंतर दोनांहून कमी बिघाड दिसल्यास मुदत वाढवावी, असा नियमही आधी ठेवता येतो, आणि त्या नियमाची परीक्षा संगणकावरच घेता येते.