एकसारख्या तक्रारी आपोआप एकत्र करायच्या? आधी हे सेटिंग नीट लावा

कॉम्प्युटर, सीसीटीव्ही, बिलिंग सॉफ्टवेअरची एएमसी घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसाठी आजचा लेख आहे. तक्रारी वहीत लिहिण्याऐवजी तुम्ही तिकीट सॉफ्टवेअर घेतलं असेल, तर त्यात कुठेतरी "सारखी तिकिटं एकत्र करा" असा पर्याय दिसेल. तो चालू करण्याआधी हे वाचा.

समजा, तुमचं ऑफिस धाराशिवला आहे. आठ तालुक्यांत मिळून दोनशे गिऱ्हाईकं आणि फिरणारे इंजिनियर दोन. महिन्याची २० तारीख जवळ आली की जीएसटीआर-३बी भरायची घाई सुरू होते. पोर्टल अडकलं की पंचवीस फोन येतात. एक म्हणतो "साइट उघडंना", दुसरा म्हणतो "ओटीपी येईना", तिसरा म्हणतो "नेट स्लो आहे", आणि चौथा सरळ "तुमचं सॉफ्टवेअर बिघडलंय" म्हणून तुमच्यावरच घसरतो. जुलैअखेर पीक विम्याची मुदत संपत आली की ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या केंद्रांचं हेच होतं. कारण एक, तिकिटं पंचवीस.

सर्व्हिस डेस्कच्या भाषेत प्रत्येक तक्रार म्हणजे इन्सिडंट आणि त्यामागचं कारण म्हणजे प्रॉब्लेम. तिकिटं एकत्र करायची ती या प्रॉब्लेमपर्यंत लवकर पोचण्यासाठी. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. अशा दिवशी प्रत्येक कॉम्प्युटरची तक्रार वेगळी धरून बसलात तर दिवस तिथेच जातो.

आता सॉफ्टवेअर सारखेपणा ठरवतं कसा? सगळ्यात साधी पद्धत म्हणजे शब्द मोजणं. दोन तक्रारींत मिळून वेगवेगळे शब्द किती, आणि त्यातले दोन्हीकडे आलेले किती. ही तीन तिकिटं घ्या: "प्रिंटर चालत नाही", "इंटरनेट चालत नाही", "नेट बंद आहे". पहिल्या दोनांत एकूण चार शब्द, त्यातले दोन सामाईक. म्हणजे सारखेपणा ५० टक्के, आणि बिघाड मात्र पूर्ण वेगळे! दुसऱ्या आणि तिसऱ्यात एकही शब्द सामाईक नाही, म्हणजे शून्य टक्के, आणि बिघाड तोच. सॉफ्टवेअर मूर्ख नाही, त्याला आपली बोली कुणी शिकवलेली नाही एवढंच.

म्हणून पहिलं काम शब्दांच्या दोन याद्या करणं. एका यादीत वगळायचे शब्द: चालत, नाही, आहे, बंद, होईना, सर, अर्जंट. दुसरीत एकाच अर्थाचे शब्द: नेट, इंटरनेट, वायफाय, बिल, पावती, इनव्हॉइस. आता वरचीच तीन तिकिटं पुन्हा तपासा. पहिल्या दोनांचा सारखेपणा शून्यावर येतो, दुसऱ्या-तिसऱ्याचा शंभरावर जातो. "स्लो" हा शब्द मात्र वगळू नका. स्लो आणि बंद यांची कारणं बऱ्याचदा वेगळी निघतात. नवीन सॉफ्टवेअर शब्दांऐवजी अर्थावरून जुळणी करतात, पण त्यांनाही मराठी-इंग्रजी मिसळलेली अर्धी वाक्यं कितपत समजतात ते तुमच्याच तिकिटांवर तपासून बघा.

गावाच्या नावाचा घोळ आपल्या जिल्ह्यात खास आहे. २०२३ मध्ये उस्मानाबादचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं, पण लोकांच्या तोंडात आणि जुन्या बिलांवर दोन्ही नावं आहेत. सॉफ्टवेअरच्या लेखी ही दोन वेगळी गावं. उमरग्याचं इंग्रजी स्पेलिंग कुणी 'यू'ने सुरू करतं, कुणी 'ओ'ने. कळंब तर यवतमाळ जिल्ह्यातही आहे. म्हणून गाव टाइप करूच देऊ नका, यादीतून निवडायला लावा. नाहीतर परंड्याचं तिकीट उमरग्याच्या गटात जाईल. दोन्ही जिल्ह्याच्या दोन टोकांना, म्हणजे इंजिनियरचा दिवस गेलाच.

वेळेची मर्यादाही ठरवावी लागते. लाईट जाऊन आली की एका गल्लीतले राउटर एकदम अडकतात. असे गट पकडायला दोन-तीन तासांची मर्यादा पुरे. पण तुळजापुरातल्या एखाद्या दुकानाचा प्रिंटर दर आठवड्याला अडकत असेल, तर ते दोन तासांत दिसणार नाही. त्यासाठी त्याच मशीनवर ३० दिवसांचा वेगळा नियम लावा. दोन्ही कामं एकाच नियमात कोंबू नका.

राहिला सारखेपणाचा टक्का, म्हणजे किती जुळलं की एकत्र करायचं. सगळे आधी इथेच बोट लावतात, मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. सुरुवात ८० टक्क्यांच्या आसपास करा. मात्र एका सॉफ्टवेअरचे ८० म्हणजे दुसऱ्याचे ८० नव्हेत. कमी ठेवला तर भलतं एकत्र होतं, जास्त ठेवला तर काहीच होत नाही. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, हे मात्र लक्षात घ्या.

समजा, २० तारखेलाच कळंबच्या एका मेडिकलवाल्याने "बिल निघंना" असं कळवलं. सॉफ्टवेअरने ते पोर्टलच्या गटात टाकलं. सर्व्हिसनाऊसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मुख्य तिकीट सोडवलं की त्याला जोडलेली तिकिटंही सोडवलेली दाखवता येतात. संध्याकाळी पोर्टल सुरू झालं, तुम्ही मुख्य तिकीट बंद केलं, आणि त्याला मेसेज गेला की तुमची तक्रार सोडवली आहे. प्रत्यक्षात त्याची हार्ड डिस्क जात होती. बॅकअप घ्यायला अजून एक दिवस हातात होता, तो गेला. एकत्र करायचं राहून गेलं असतं तर फार तर एक फोन जास्त झाला असता. इथे गिऱ्हाइकाचा वर्षभराचा हिशोब गेला, आणि पुढची एएमसी तो तुम्हाला कशाला देईल?

त्यामुळे पहिले दोन महिने "आपोआप जोडा" बंद ठेवा, "सुचवा" एवढंच चालू ठेवा. सॉफ्टवेअरने गट सुचवायचा आणि ऑफिसमधल्या माणसाने हो किंवा नाही म्हणायचं. नंतर आपोआप जोडणं सुरू केलंत तरी आपोआप बंद करणं सुरू करू नका. मुख्य तिकीट सुटलं की प्रत्येकाला "आता चालतंय का?" एवढाच मेसेज जाऊ द्या, आणि ज्याचं उत्तर येणार नाही त्याला फोन करा.

टक्का बरोबर आहे का हे तपासायला मागच्या तीन महिन्यांतली शंभर तिकिटं एका शीटमध्ये काढा. कोणती खरंच एका कारणाची होती ते हाताने खूण करून ठेवा. मग सॉफ्टवेअरने केलेले गट शेजारी मांडा आणि चुकीने जोडलेली आधी मोजा. ती शंभरात दोन-तीनच्या वर असतील तर टक्का वाढवण्याआधी शब्दांच्या याद्या उघडा. बहुतेक वेळा तिथेच एखादा "चालत नाही" वगळायचा राहिलेला असतो.