पायरी, पाणी आणि नारू

नारू हा शब्द आजच्या तरुण पिढीच्या कानांवर फारसा पडत नाही. परंतु चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत महाराष्ट्राच्या पठारावरील अनेक दुष्काळी गावांत तो देवी आणि पटकीइतकाच ओळखीचा होता. देवीचा रोग लशीमुळे गेला. नारूवर मात्र लस नव्हती, शरीरात शिरलेला जंत मारणारे खात्रीचे औषधही नव्हते, आणि ही स्थिती आजही बदललेली नाही. असे असूनही भारतातील नारूचा अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. माणसाचा पाय आणि पिण्याचे पाणी यांची पाणवठ्यावर पडणारी गाठ सोडवली गेली, म्हणून हे शक्य झाले. त्यामुळे नारूच्या उच्चाटनाची हकिगत वैद्यकाइतकीच विहिरींच्या बांधणीची, पाणी भरण्याच्या रीतीची आणि गावाच्या समाजरचनेची आहे.

जंताचा फेरा

नारू हा ड्रॅकनक्युलस मेडिनेन्सिस या शास्त्रीय नावाचा जंत असून त्याची पूर्ण वाढलेली मादी साधारण ६० ते १०० सेंटिमीटर लांब आणि शेवईइतकी जाड असते. तो माणसाच्या शरीरात शिरतो पिण्याच्या पाण्यातून, पण पाण्यात तो सुटा पोहत येत नाही. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे जीव असतात, त्यांना पाणपिसू असेही म्हणता येईल. नारूच्या अळ्या या पाणपिसवांच्या पोटात जातात आणि सुमारे दोन आठवड्यांत माणसाला बाधा करण्याइतक्या वाढतात. असे पाणी कोणी प्यायले, की जठरातील आम्लाने पाणपिसू मरते, अळ्या मोकळ्या होतात आणि आतड्याची भिंत भेदून शरीराच्या आत जातात. तेथे नर-मादीचे मीलन झाल्यावर नर मरतो आणि मादी हळूहळू वाढत बहुधा पायाच्या दिशेने त्वचेखाली सरकते. पाणपिसवाचा या फेऱ्यातील वाटा अलेक्सेई फेदचेन्को या रशियन निसर्गशास्त्रज्ञाने मध्य आशियातील तुर्कस्तानात काम करताना १८७० च्या सुमारास दाखवून दिला.

बाधित पाणी प्याल्यापासून जंत बाहेर येईपर्यंत सुमारे एक वर्ष लागते आणि त्या काळात माणसाला काहीच जाणवत नाही. वर्षानंतर घोट्याजवळ किंवा पिंढरीवर एक फोड येतो, त्याची विलक्षण आग होते आणि ती शमवण्यासाठी माणूस साहजिकच पाय पाण्यात बुडवतो. पाण्याचा स्पर्श होताच फोड फुटतो, जंताचे टोक बाहेर येते आणि त्यातून दुधासारखा पांढुरका द्रव पाण्यात मिसळतो. त्या द्रवात लाखो अळ्या असतात. अशा रीतीने रुग्णाला आराम देणारी कृतीच गावाच्या पुढल्या वर्षीच्या रोगाची पेरणी करते.

बाहेर आलेले टोक बारीक काडीला गुंडाळून रोज थोडे थोडे ओढत राहणे, हाच पूर्वापार उपाय होता. जंत मध्येच तुटला तर आत राहिलेला भाग सुजतो, पू होतो आणि काही रुग्णांचा सांधा कायमचा आखडतो. पूर्ण जंत निघायला कित्येक आठवडे लागत, आणि हे आठवडे बहुधा पेरणीपूर्व मशागतीच्या तोंडावर येत. नारूने माणूस क्वचितच मरत असे, पण घरातला कर्ता माणूस ऐन हंगामात अंथरुणाला खिळला, की त्या वर्षीचे पीक हातचे जात असे.

उतरून भरायचे पाणी

दख्खनच्या पठारावर हा फेरा टिकून राहण्यामागे भूगोलाचा मोठा हात होता. येथील काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांमध्ये, त्यामुळे पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर उन्हाळ्यात तळ गाठते. पाण्याची पातळी वर्षभरात इतकी चढते-उतरते तेथे पाण्यापर्यंत उतरत जाणाऱ्या पायऱ्या ही अत्यंत सोयीची योजना होती. पायविहीर, बारव, पोखरण, पुष्करणी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या वास्तू महाराष्ट्राच्या शिल्पवैभवाचा भाग आहेत आणि त्यांतील कित्येक मंदिरांच्या प्रांगणात किंवा जुन्या व्यापारी मार्गांवर बांधलेल्या आढळतात.

परंतु जी पायरी पाणी हाताशी आणत होती तीच पायाला पाण्यात नेत होती. वैशाखात बारवेच्या तळाशी हातभर पाणी उरले, की कळशी भरण्यासाठी शेवटच्या पायरीवरून घोटाभर पाण्यात उतरावेच लागे. पाणी आटत जाई तसतसे त्यातील पाणपिसवांचे प्रमाण दाट होई, आणि गेल्या उन्हाळ्यात बाधा झालेल्यांच्या पायांवरचे फोडही नेमके याच सुमारास येत. जंताच्या वाढीचे वर्ष आणि विहीर आटण्याचे वर्ष यांचा मेळ असा बसलेला होता. आडाची गोष्ट वेगळी होती. आड म्हणजे अरुंद, खोल, पायऱ्या नसलेली विहीर. तिच्यातून पोहरा सोडून पाणी शेंदले जात असल्यामुळे तेथे पाय पाण्याला लागत नसे आणि नारूला वाट मिळत नसे.

कारण आणि परिणाम यांच्यात वर्षाचे अंतर असल्याने पाण्याचा आणि पायातल्या जंताचा संबंध गावकऱ्यांच्या लक्षात येणे अवघड होते. उत्तरकालीन आयुर्वेदीय ग्रंथांत या विकाराचे वर्णन स्नायुक या नावाने आढळते. म्हणजे रोग शतकानुशतके ठाऊक होता, त्याची वाट मात्र ठाऊक नव्हती.

पाणवठा सर्वांचा नव्हता

गावातील पाणवठा हे सार्वजनिक स्थळ असले तरी ते सर्वांसाठी खुले नव्हते. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाद्वारे १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजास खुले करण्यास मान्यता दिली, तरी त्याची अंमलबजावणी होत नव्हती, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. हा संघर्ष मानवी हक्कांचा होता; त्याला आरोग्याचीही एक बाजू होती. ज्यांना गावच्या विहिरीवर मज्जाव होता, त्यांना ओढ्याच्या पात्रातील डबके, झरा किंवा वाळूत उकरलेला खड्डा यांवर भागवावे लागे, आणि पाणी जितके उघडे व उथळ, तितका पाण्यावाटे येणाऱ्या रोगांचा धोका अधिक.

पाणी भरण्याचे काम प्रामुख्याने स्त्रियांकडे असल्यामुळे घरात नारू येण्याची किंवा न येण्याची किल्ली पुष्कळ अंशी त्यांच्या हातात होती. विहीर कशी बांधावी, पायऱ्या ठेवाव्यात की बुजवाव्यात, हे ठरवणाऱ्या बैठकीत मात्र त्यांना क्वचितच जागा असे.

हापसा येतो

महाराष्ट्राच्या १९७२ च्या दुष्काळात उघड्या विहिरी आटल्या आणि कठीण पाषाणात खोलवर छिद्र पाडून पाणी काढणाऱ्या कूपनलिकांना जोर आला. कूपनलिकेवर बसवायचे तेव्हाचे ओतीव लोखंडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापराच्या बेताने घडवलेले होते, त्यामुळे दिवसभर शेकडो हातांनी हापसले जाताच ते मोडून पडत. या अडचणीवरचा पहिला उपाय महाराष्ट्रातच निघाला. जालना येथे मिशनच्या विहीर खोदकामातून पोलादी दांड्याचा, एकाच टेकूवर फिरणारा पंप तयार झाला. सोलापुरात त्यात सुधारणा झाली, आणि त्या सोलापुरी पंपाच्या आधारे युनिसेफच्या साहाय्याने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ हा पंप घडला. त्यात दांडा आणि खालचा गज यांना जोडणारी साखळी असते, म्हणून दांडा कमानीत फिरला तरी गज सरळ वरखाली होतो. टेकूशी छऱ्यांचे बेअरिंग असल्याने झीज कमी होते. गावोगावी ज्याला हापसा म्हणतात तो बहुतांशी हाच.

नारूच्या दृष्टीने हापशाचे महत्त्व असे, की त्याचे पाणी जमिनीखालून थेट कळशीत येते आणि मध्ये कोणाचाही पाय त्यात पडू शकत नाही. खोल भूजलात पाणपिसवे जवळजवळ नसतातच. जेथे कूपनलिका शक्य नव्हती तेथे पायविहिरींच्या पायऱ्या बंद करून, भोवती कठडा उभारून आणि वर रहाट बसवून त्यांचे आडात रूपांतर करण्यात आले.

गाळणे आणि शोध

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांतील १२ हजारांहून अधिक गावांत मिळून सुमारे ४० हजार रुग्ण आढळले होते. इतक्या गावांना एकाच वेळी नवा पाणवठा देणे शक्य नव्हते, म्हणून तोवरचा उपाय म्हणून पाणी गाळण्यावर भर देण्यात आला. पाणपिसू बारीक विणीच्या कापडातून पार होत नाही, त्यामुळे कळशीच्या तोंडाला बांधलेले दुहेरी घडीचे स्वच्छ गाळणे पुरेसे ठरते. संशयित विहिरींत टेमिफॉस हे रसायन अत्यल्प प्रमाणात टाकून पाणपिसवे मारली जात, आणि फोड आलेल्या व्यक्तीला जखम बांधून पाणवठ्यापासून दूर ठेवले जाई.

याहून चिकाटीचे काम रुग्णशोधाचे होते. आरोग्य कर्मचारी ठरावीक काळाने घरोघर, शाळेत आणि बाजाराच्या दिवशी जाऊन चौकशी करत. अखेरच्या टप्प्यात नव्या रुग्णाची बातमी देणाऱ्यास रोख बक्षीस जाहीर करण्यात आले. नारूच्या अळ्या पाणपिसवाविना पाण्यात काही दिवसच टिकतात आणि नवी बाधा दिसायला वर्ष लागते, म्हणून एक पूर्ण फेरा रुग्णाविना गेला की त्या गावातील साखळी तुटली असे मानता येते. जगभरात १९८६ च्या सुमारास वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना होणारा हा रोग २०२४ मध्ये १५ माणसांपर्यंत खाली आला आहे. तथापि आफ्रिकेतील चाड या देशात कुत्र्यांनाही त्याची बाधा होत असल्याने अखेरची पावले अवघड ठरली आहेत.

पुन्हा बारवेच्या पायऱ्यांवर

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात बारवांचा गाळ काढणे, झुडपे तोडणे आणि पायऱ्या मोकळ्या करणे यासाठी अनेक गावांत लोक एकत्र येत आहेत. वारशाच्या आणि भूजल पुनर्भरणाच्या दृष्टीने हे काम मोलाचे आहे, विशेषतः कूपनलिका वाढत गेल्यामुळे अनेक भागांतील भूजल खालावलेले असताना. खोल पाणीही सर्वत्र निर्दोष नसते. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातील अधिक फ्लोराइडमुळे दात डागाळण्याचे आणि हाडे वाकण्याचे विकार आढळले आहेत. म्हणजे उथळ पाण्यातून येणारा जंत टाळण्यासाठी खोल गेलेल्या समाजाला तेथेही पाण्याची पारख करावीच लागते. नारूसारखाच फ्लोराइडचा परिणामही ताबडतोब दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा तो एका घराचा न राहता त्या पाणवठ्यावरील सर्वांचा झालेला असतो.

त्यामुळे बारव मोकळी करताना तिच्या तळाचे पाणी कोणत्या कामाला वापरायचे, पिण्याचे पाणी कोठून घ्यायचे आणि ते कोणी तपासायचे, हे पाणी भरणाऱ्या बायकांसह साऱ्या गावाने बसून ठरवणे गाळ काढण्याइतकेच आवश्यक आहे. पूर्वी एकाने शेवटच्या पायरीवर पाय बुडवला, की त्याचा हिशेब पुढच्या उन्हाळ्यात अख्ख्या गावाला चुकवावा लागत असे.