लघवीची जळजळ : नुसत्या सिरपने भागत नाही

सार्वजनिक शौचालयाची रांग नको म्हणून वस्तीतल्या अनेक माता-भगिनी दिवसभर पाणी कमी पितात, लघवी दाबून धरतात. मग जळजळ सुरू होते, थेंब-थेंब लघवी होते, ओटीपोट दुखते. संकोचामुळे घरात सांगायचे नाही आणि मेडिकलमधून सिरप आणायचे. दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच!

असे का होते? हे सिरप बहुधा लघवीतला आम्लपणा कमी करते. आग थांबते, जंतू मात्र मरत नाहीत. हा जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातला 'ई. कोलाय' असतो. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटर लांब असते, म्हणून तो मूत्राशयात लवकर पोहोचतो. यात लाजण्यासारखे काही नाही.

जंतू मारायला अँटिबायोटिक लागते. डॉक्टर बरेचदा नायट्रोफ्युरँटॉइन देतात. हे औषध किडनीतून लघवीत उतरते आणि मूत्राशयातल्या जंतूंना मारते. ते जेवणासोबत घ्यावे. त्याने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली तर घाबरू नका. मात्र किडनी कमजोर असेल किंवा बाळंतपण जवळ आले असेल तर हे औषध चालत नाही. म्हणून डॉक्टरांना आधी सगळे सांगा.

सहसा 5 ते 7 दिवसांचा डोस असतो. दोन गोळ्यांत बरे वाटले म्हणून उरलेल्या डब्यात ठेवू नका, शेजारणीलाही देऊ नका. मनाने, अर्धवट घेतलेल्या औषधांमुळे जंतू चिवट होतात. मग पुढे तेच औषध लागू पडत नाही.

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणे, उलट्या ही जंतू किडनीपर्यंत गेल्याची लक्षणे असू शकतात. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लघवीत रक्त दिसले तरी थांबू नका. गरोदर बाईने त्रास नसला तरी लघवी तपासून घ्यावी, कारण या संसर्गाने दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकते. पुरुष, लहान मुले आणि शुगर असलेल्यांनीही घरगुती उपायांवर थांबू नये.

पाणी भरपूर प्या, लघवी दाबू नका, संबंधानंतर लघवीला जा, शौचानंतर पुढून मागे धुवा. आणि शौचालयात दिवा, कडी, पाणी नसेल तर महिला मंडळाने वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा. बायकांना पाणी प्यायची भीती वाटू नये, यासाठी तेही तितकेच गरजेचे आहे.