रीसेट दाबण्याआधी : शाळेतला आणि घरातला राऊटर समजून घेऊया



नेट बंद पडलं की आपल्यातले बरेच जण राऊटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालतात. मीही घातली होती, आणि त्यानंतर आठ दिवस शाळेत नेट नव्हतं. लाईन चांगली होती, बिलही भरलेलं होतं. फक्त कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड मी पुसून टाकलं होतं आणि ते कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. दीक्षावरचे पाठ मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दाखवले, दुपारपर्यंत डेटा संपायचा.

म्हणून आधी राऊटर करतो काय ते बघू. आपल्या घुग्घुसात गावातल्या गावात कुणाकडे जायचं तर बसस्टँडवर कशाला जाऊ? पायीच जातो. वणीला जायचं तर वणीची गाडी. आणि ज्या गावाची वाट माहीत नाही, तिथं जायचं तर आधी चंद्रपूर गाठायचं, पुढचं तिथं विचारायचं. राऊटिंग म्हणजे हेच. घरच्या राऊटरच्या यादीत बहुतेक दोनच गोष्टी असतात: आतला पत्ता असेल तर आत द्या, बाकी सगळं कंपनीकडे पाठवा. या 'बाकी सगळं'च्या वाटेला डिफॉल्ट गेटवे म्हणतात.

आतला पत्ता ओळखायचा कसा? सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पत्त्याचे पहिले तीन आकडे सारखे म्हणजे गाव एकच. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ पासून फक्त आतल्या वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून तुमच्या-माझ्या घरी तेच दिसतात.

सेटिंग उघडायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका (आकडे इंग्रजीच टाका बरं का). नेमका पत्ता राऊटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. वॅन म्हणजे बाहेरची बाजू, लॅन म्हणजे आतली. वॅनच्या पानावर पीपीपीओई असेल तर कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड लागतंच. ते आजच कागदावर लिहून कपाटात ठेवा. बऱ्याच राऊटरमध्ये सेटिंगचा बॅकअप घ्यायची सोय असते, तोही घ्या.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. पलीकडच्या वर्गात रेंज येत नाही म्हणून आपण जुना राऊटर वायरने जोडतो, आणि आधी चालणारं नेटही अडखळायला लागतं. कारण असं की प्रत्येक मोबाईलला पत्ता वाटायचं काम राऊटरमधलं डीएचसीपी करतं. एकाच वर्गाला दोन शिक्षक रोल नंबर वाटायला लागले तर ७ नंबर दोन मुलांना जाणारच. वर दोन्ही राऊटरांचा स्वतःचा पत्ताही बहुधा एकच, १९२.१६८.१.१.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम पाळा. जुना राऊटर एकटाच चालू करून त्याला मोबाईल जोडा. आधी त्याचं डीएचसीपी बंद करा. मग लॅनमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. सेव्ह केल्यावर पान गायब होतं, घाबरू नका, पत्ता बदललाय म्हणून. आता पहिल्याच्या लॅन पोर्टातून दुसऱ्याच्या लॅन पोर्टात वायर लावा. दुसऱ्याचं वॅन पोर्ट रिकामंच राहू द्या. (पहिल्याचा पत्ता १९२.१६८.०.१ असेल तर दुसऱ्याला १९२.१६८.०.२ द्या.)

नेट बंद पडलं तर आधी दिवे बघा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर बहुतेक लाईनच तुटली आहे. सेटिंगला हात लावू नका, कंपनीला फोन करा. लाल दिवा नाही, पण वॅनचा पत्ता ०.०.०.० दिसतोय? मग लॉगिन होत नाहीये, युजरनेम-पासवर्ड तपासा. वॅनला पत्ता आहे तरी साइट उघडत नाहीत, तर डीएनएस तपासा.

पालकांसाठी डीएनएसचा आणखी एक उपयोग आहे. तिथं १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकलं तर प्रौढांसाठीच्या बऱ्याच साइट घरच्या वायफायवर अडतात. क्लाउडफ्लेअरने ही मोफत सोय २०२० मध्ये सुरू केली. अर्थात मुलाने वायफाय बंद करून मोबाईल डेटा चालू केला तर राऊटर काही करू शकत नाही.

आणि हो, सेटिंगच्या पानाचा अ‍ॅडमिन पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. सहावी-सातवीची पोरं ते पान आपल्याआधी उघडतात.